जळगावहून विमानाने निघताना: दोन विमानतळांमधलं अंतर आणि लागणारा वेळ नीट कसा काढायचा

जळगावात तिकिटं काढून देण्याचं काम करताना एक प्रश्न रोज कानावर येतो: “पुनं कितलं दूर शे, भाऊ? इमानले कितला टाइम लागस?” विचारणाऱ्याच्या हातात मोबाईल असतो आणि त्यावर एखादा आकडा आधीच उघडलेला असतो. एकाकडे ४००, दुसऱ्याकडे १७३, तिसऱ्याकडे ३२०. वेळेचंही तसंच, कुणाकडे ३८ मिनिटं तर कुणाकडे सव्वा तास. यातला एकही आकडा खोटा नाही. पण प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे आणि लोक नेमका नको तो उचलून त्यावर पुढचा सगळा प्रवास बेततात.

त्याने काय होतं ते सांगतो. पारोळ्याचे एक आप्पा मुलीकडे बंगळुरूला निघाले होते. पुण्याहून बंगळुरूचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून पुतण्याने ते आधीच काढून टाकलं. जळगाव ते पुणे किती वेळ लागेल हे त्याने नकाशावरचं अंतर आणि विमानाचा वेग यांचा भागाकार करून ठरवलं होतं: ४० मिनिटं. जळगाव-पुण्याचं तिकीट नंतर माझ्याकडून काढलं. मीही पुढच्या प्रवासाचं विचारलं नाही. त्या दिवशी विमान अर्धा तास उशिरा सुटलं. आप्पा पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरून सामान घेऊन आले तेव्हा पुढच्या विमानाचा काउंटर बंद होऊन दहा मिनिटं झाली होती. भरताच्या वांग्यांची पिशवी मांडीवर घेऊन ते रात्री उशिरापर्यंत बाहेरच्या बाकावर बसून होते. तेव्हापासून मी प्रत्येकाला हा हिशोब कागदावर मांडून देतो. तोच इथे क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या पायरीवरची चूक शेवटपर्यंत सोबत येते.

## तयारी

एक कोरा कागद, मोबाईलमधला नकाशा आणि वर्गमूळ काढता येणारा कॅल्क्युलेटर, एवढं पुरे. कागदावर चार ओळी आधीच आखून ठेवा: विमानतळ, सरळ अंतर, विमानाचा प्रवास, घर ते घर. प्रत्येक आकडा त्याच्याच ओळीत लिहायचा. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. रस्त्याचं अंतर विमानाच्या ओळीत जातं आणि विमानाचा वेळ घर ते घरच्या ओळीत.

## १. आधी विमानतळ ठरवा, शहर नव्हे

“गोव्याला जायचंय” एवढ्याने काम भागत नाही. गोव्यात दोन विमानतळ आहेत. दक्षिणेकडचा जुना दाबोळी आणि उत्तरेला पेडणे तालुक्यातला मोपा. मोपावरून विमानं जानेवारी २०२३ पासून सुटू लागली. दोघांमध्ये सरळ रेषेत ४० किलोमीटर आणि रस्त्याने दीड तासाच्या आसपास अंतर आहे. जळगावहून दाबोळी सुमारे ६५० किलोमीटर पडतं, मोपा सुमारे ६१०. नातेवाईक दाबोळीला गाडी घेऊन उभे आणि तुम्ही मोपाला, असं झालं की विमानाने वाचवलेला वेळ तिथेच गेला.

मुंबईचंही आता तसंच आहे. सांताक्रूझ-अंधेरीचा विमानतळ आपल्याला माहीत आहे. उलवे-पनवेल भागातल्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. यापुढे मुंबईचं कुठलंही तिकीट घेताना कोणता विमानतळ ते पाहायलाच हवं.

चुकू नये यासाठी तिकिटावरचं तीन अक्षरी संकेतचिन्ह वाचा. जळगाव जेएलजी, पुणे पीएनक्यू, जुनी मुंबई बीओएम, नवी मुंबई एनएमआय, मोपा जीओएक्स, दाबोळी जीओआय. शेवटच्या दोन्हींत फरक फक्त एका अक्षराचा आहे.

निघायचा विमानतळही गृहीत धरू नका. खानदेशातला प्रत्येक माणूस जळगावलाच जवळ आहे असं नाही. नंदुरबारहून जळगावचा विमानतळ सरळ रेषेत १५० किलोमीटरच्या घरात आहे आणि सुरतचाही जवळजवळ तितकाच. रेल्वेने सुरतेला जाणं नंदुरबारकरांना सवयीचं आहे, तेव्हा तिकीट काढण्याआधी दोन्हींकडची विमानं पाहावीत. धुळ्याहून जळगाव सरळ रेषेत ९० किलोमीटर, नाशिकचा ओझर १२५ च्या आसपास. धुळेकरांनी जळगाव आधी पाहावं, पण त्या वारी विमान नसेल तर ओझर विसरू नये.

चाळीसगावची गोष्ट वेगळी आणि बोलकी आहे. सरळ रेषेत छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ तिथून ७८ किलोमीटर आणि जळगावचा ८५. नकाशावर संभाजीनगर जवळ दिसतं. पण मध्ये कन्नडचा घाट उभा आहे. तो पावसाळ्यात कसा वागतो हे चाळीसगावकरांना मी सांगायला नको. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी दरडी कोसळून तो बंद पडला होता. विमान सरळ रेषेत जातं, आपली गाडी जात नाही.

तपासा: कागदाच्या पहिल्या ओळीत दोन्ही विमानतळांची नावं आणि तीन अक्षरी चिन्हं आली का? नुसतं “पुणे” लिहिलं असेल तर पुढे जाऊ नका.

## २. विमानतळाचे अक्षांश-रेखांश घ्या

नकाशा उघडा, विमानतळ मोठा करा आणि थेट धावपट्टीवर बोट दाबून धरा. दोन आकडे दिसतील. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. दशांश चिन्हानंतर दोन अंक पुरेत.

जळगाव: २०.९६ आणि ७५.६३
पुणे (लोहगाव): १८.५८ आणि ७३.९२
मुंबई (जुना): १९.०९ आणि ७२.८७
हैदराबाद (शमशाबाद): १७.२३ आणि ७८.४३
गोवा (मोपा): १५.७४ आणि ७३.८६
अहमदाबाद: २३.०८ आणि ७२.६३

या पायरीवर दोन चुका हमखास होतात.

पहिली, अंश-मिनिटं आणि दशांश यांची गल्लत. जळगाव विमानतळाचा अक्षांश काही ठिकाणी २० अंश ५७ मिनिटं असा दिलेला सापडतो. लोक तो २०.५७ असा लिहून मोकळे होतात. पण एका अंशात १०० नाही, ६० मिनिटं असतात. ५७ ला ६० ने भागलं की ०.९५ येतात आणि वरची सेकंदं धरून २०.९६. या एका चुकीने तुमचा विमानतळ ४३ किलोमीटर दक्षिणेला सरकतो आणि कुसुंब्याच्या शिवारातून उठून अजिंठ्याच्या डोंगरात जाऊन बसतो.

दुसरी, आकड्यांची अदलाबदल. ७५.६३ आधी आणि २०.९६ नंतर टाकलं की बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रात पडतो. अंतर हजारोंत आलं तर आधी हेच तपासा.

तपासा: महाराष्ट्र आणि शेजारच्या भागासाठी पहिला आकडा साधारण १५ ते २४ आणि दुसरा ७२ ते ८१ यांच्या बाहेर गेला तर काहीतरी चुकलं आहे.

## ३. सरळ अंतर काढा

सोपा मार्ग मोबाईलमध्येच आहे. पहिल्या विमानतळावर बोट दाबून धरा, ‘अंतर मोजा’ हा पर्याय घ्या आणि रेषा दुसऱ्या विमानतळापर्यंत न्या. मात्र ‘दिशानिर्देश’ दाबू नका. तिथे येतं ते रस्त्याचं अंतर.

मी तरीही एकदा हाताने काढायला सांगतो. हाताने काढलेला आकडा माणूस विसरत नाही आणि मोबाईलने काही भलतंच दाखवलं तर लगेच लक्षात येतं. जळगाव-पुणे करून पाहू.

अक्षांशांची वजाबाकी: २०.९६ वजा १८.५८, म्हणजे २.३८. एका अक्षांशाला १११ किलोमीटर. गुणाकार केला की २६४. पुणे जळगावपेक्षा इतकं दक्षिणेला आहे.

रेखांशांची वजाबाकी: ७५.६३ वजा ७३.९२, म्हणजे १.७१. इथे १११ ने गुणायचं नाही. रेखांश उत्तरेकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात. आपल्या पट्ट्यात एका रेखांशाला साधारण १०५ किलोमीटर धरावेत. अहमदाबादसारख्या उत्तरेकडच्या मार्गाला १०३, गोव्याच्या मार्गाला १०६. गुणाकार केला की १८०. पुणे इतकं पश्चिमेला आहे.

आता शाळेतलाच काटकोन त्रिकोण. २६४ चा वर्ग आणि १८० चा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ काढा: ३२० किलोमीटर, एखादा इकडे-तिकडे. पृथ्वी गोल असल्याने या रीतीत थोडी चूक राहते, पण पाच-सहाशे किलोमीटरच्या आत ती एक-दोन किलोमीटरच्या वर जात नाही.

याच रीतीने बाकीचे मार्ग: मुंबई सुमारे ३५५, अहमदाबाद सुमारे ३९०, हैदराबाद सुमारे ५१०, मोपा सुमारे ६१०.

आता सुरुवातीचे तीन आकडे पुन्हा पाहा. ४०० हे सिल्लोड, संभाजीनगर आणि अहिल्यानगरवरून जाणाऱ्या रस्त्याचं अंतर. ३२० हे सरळ अंतर. आणि १७३? ते सागरी मैल. विमानाच्या जगात अंतर सागरी मैलांत मोजतात आणि एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. १७३ ला १.८५२ ने गुणा, ३२० च येतात. संकेतस्थळावर नुसतं ‘मैल’ लिहिलं असेल तर ते सागरी की साधे (१.६०९ किलोमीटरचे) हे पाहिल्याशिवाय आकडा उचलू नका.

मुंबईच्या बाबतीत आणखी एक फसवा आकडा फिरतो: ४२०. ते जळगाव स्थानकापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचं रेल्वेचं अंतर. ते विमानाच्या ओळीत लिहिलंत तर ६५ किलोमीटर जास्त धराल.

थांबा: सरळ अंतर रस्त्याच्या अंतरापेक्षा जास्त आलं असेल तर हिशोब चुकलेला आहे. असं कधीच होऊ शकत नाही.

## ४. विमान कोणतं आहे ते पाहा

जळगावची धावपट्टी पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आहे. अलीकडे इथून पुणे, मुंबई, हैदराबाद, गोवा, अहमदाबाद या मार्गांवर जी विमानं चालली ती एटीआर जातीची: पंख वरच्या बाजूला, दोन्ही पंखांवर फिरते पंखे, आत साधारण सत्तर जागा. वेगाचा हिशोब या विमानाचा करायचा, मोठ्या जेटचा नाही.

एटीआर उंचीवर स्थिरावल्यावर ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. एअरबस ३२० सारखं जेट ८०० च्या वर जातं. अंतर आणि वेळ सांगणारी बरीच संकेतस्थळं सगळीकडे जेटचाच वेग धरतात आणि त्यात अर्धा तास मिळवतात. पुण्यासारख्या जवळच्या मार्गावर हे फारसं जाणवत नाही. पण मोपाला तीच रीत लावली तर सव्वा तास येतो आणि एटीआरला लागतात पावणेदोन तासांच्या जवळपास. मोपाहून पुढे रेल्वे किंवा बस धरायची असेल तर हा अर्धा तास महागात पडतो.

विमानाची जात तिकीट काढताना ‘फ्लाइटचा तपशील’ दाबला की दिसते. दिसली नाही तर कंपनीला फोन करून विचारा. हा प्रश्न विचारण्यात संकोच करू नका, त्यांना तो नवीन नाही.

## ५. चाक हलल्यापासून चाक थांबेपर्यंतचा वेळ काढा

सगळ्यात जास्त गैरसमज या पायरीवर आहेत म्हणून इथे थोडं थांबू.

ताशी ५०० म्हणजे १०० किलोमीटरला १२ मिनिटं. हे एकच वाक्य लक्षात ठेवा. ३२० किलोमीटरला ३८ मिनिटं. आप्पांच्या पुतण्याने हेच केलं होतं आणि इथेच थांबला होता. हा वेळ फक्त तेव्हा खरा ठरेल, जेव्हा विमान जळगावच्या धावपट्टीवर आधीच ५०० च्या वेगात असेल आणि पुण्याच्या धावपट्टीवर त्याच वेगात शिरेल.

प्रत्यक्षात काय होतं ते खिडकीजवळच्या जागेवरून पाहा. दार बंद होतं, पंखे फिरू लागतात, विमान हळूहळू धावपट्टीकडे जातं. छोट्या विमानतळावर धावपट्टीला समांतर वेगळा मार्ग नसेल तर विमानाला धावपट्टीवरूनच शेवटपर्यंत जाऊन तोंड फिरवावं लागतं. मग उड्डाण. जळगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिचे क्रमांक ०९ आणि २७ म्हणजे ९० अंश आणि २७० अंश, होकायंत्रावरच्या दिशा. पुणे मात्र दक्षिण-नैर्ऋत्येला आहे. वारा पश्चिमेचा असेल तर विमान पश्चिमेकडे उडतं आणि थोडंसं डावीकडे वळून पुण्याची वाट धरतं. वारा पूर्वेचा असेल तर ते भुसावळच्या बाजूला उडतं आणि मग काटकोनापेक्षाही मोठं वळण घेऊन मागे येतं. तुम्हाला खिडकीतून केळीच्या बागा दोनदा दिसल्या तर घाबरू नका, ते वळणच आहे.

त्यानंतर चढण. चढताना विमान पूर्ण वेगात नसतं. उतरतानाही नसतं. पुण्याचा विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे, तिथे लढाऊ विमानांची ये-जा असते आणि प्रवासी विमानांचीही गर्दी. कधी सरळ आत घेतात, कधी बाहेर फेऱ्या मारायला लावतात. उतरल्यावर पुन्हा हळूहळू चालत जाऊन ठरलेल्या जागी थांबायचं.

म्हणून हिशोब असा करा:

हवेतला वेळ, १०० किलोमीटरला १२ मिनिटं
अधिक चढण, उतरण आणि वळणं यांची १० मिनिटं
अधिक दोन्हीकडे जमिनीवर चालण्याची १५ मिनिटं

पुणे: ३८ अधिक २५, म्हणजे ६३ मिनिटं. मुंबई ६८, अहमदाबाद ७२, हैदराबाद ८६, मोपा ९८. मुंबईला मात्र मी आणखी १० ते १५ मिनिटं हातची ठेवतो, कारण तिथे आकाशातही रांग असते.

वाऱ्याचा हिशोब वेगळा. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीच्या मानाने वेग ४५० होतो आणि पुण्याची ३८ मिनिटं ४३ होतात. तोच वारा पाठीमागून असेल तर ३५. फरक मिनिटांचाच आहे, पण जाताना आणि येताना तिकिटावर वेळ वेगळा का छापला, याचं एक कारण हे असतं.

थांबा: “कंपनी सव्वा तास दाखवते, पण विमान ४० मिनिटांतच पोचतं” असं कुणी सांगितलं तर ते हवेतली मिनिटं सांगत आहेत. तुम्हाला हवा आहे दार बंद झाल्यापासून दार उघडेपर्यंतचा वेळ. बेत त्याच्यावर करायचा.

## ६. वेळापत्रकाशी ताळा करा

आता तुमचा आकडा आणि तिकिटावरचा आकडा शेजारी ठेवा. पाच-पंधरा मिनिटांचा फरक असेल तर दोन्ही बरोबर आहेत. कंपन्या उशीर झाकण्यासाठी थोडी सवड धरतात. तिकिटावर तुमच्यापेक्षा पाऊण-एक तास जास्त दिसला तर बहुधा विमान मध्ये कुठेतरी थांबतं आहे किंवा बदलावं लागतं आहे. ‘थेट’ आणि ‘थांबा’ हे शब्द शोधा.

वार पाहणं तारखेइतकंच गरजेचं आहे. लहान विमानतळांवर प्रत्येक मार्ग रोज चालेलच असं नाही. वेळापत्रकात वार आकड्यांत देतात: १ म्हणजे सोमवार, ७ म्हणजे रविवार. १३५७ असं लिहिलं असेल तर तो फ्लाइटचा नंबर नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार असं वाचायचं. आपल्याकडे आठवडा रविवारपासून मोजायची सवय असल्यामुळे इथे एक दिवसाने चुकणारे खूप भेटतात.

वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात: मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणून भाच्याने दिवाळीत पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर अक्षयतृतीयेचा प्रवास ठरवू नका. आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकींची तिकिटं काढताना ही चूक मी फार पाहतो. तारीख आखाजीची असते आणि वेळ हिवाळ्याची.

तपासा: प्रवासाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आणि त्या दिवशी घरातून निघण्याआधी, असं दोनदा फ्लाइटची वेळ पाहा. तिकीट काढताना दिलेला मोबाईल नंबर प्रवाशाचाच असू द्या. एजंटाचा किंवा पुण्यातल्या मुलाचा दिला तर वेळ बदलल्याचा मेसेज तिकडे जातो आणि प्रवासी इकडे निवांत राहतो.

## ७. घरापासून घरापर्यंत मोजा

विमानाचा वेळ हा प्रवासाचा एक तुकडा आहे. चोपड्याहून पुण्यात हिंजवडीला जाणाऱ्या एका कुटुंबाचा कागद मी असा मांडला होता:

चोपडा ते जळगाव विमानतळ: दीड तास
सुटण्याआधी पोचण्याचा वेळ: दीड तास
विमान: १ तास ५ मिनिटं
उतरणं आणि सामान: २५ मिनिटं
लोहगाव ते हिंजवडी: सव्वा तास

एकूण पावणेसहा तास. ताई म्हणाल्या, “आम्ही तर तासाभरात पोचू म्हणत होतो.” त्यांनी दुपारच्या जेवणाला बोलावलेल्या पाहुण्यांना संध्याकाळचं सांगितलं आणि बरं झालं.

या तुकड्यांत वेळ जिथे हमखास वाढतो अशा काही जागा सांगण्यासारख्या आहेत. जळगाव शहरातून विमानतळ अजिंठा रस्त्याच्या बाजूला आहे. अंतर थोडं आहे, पण अजिंठा चौफुलीवर ट्रकांची कोंडी झाली की पंधरा मिनिटांचा रस्ता पाऊण तासाचा होतो. धुळे-एरंडोलकडून येणाऱ्यांनी शहरातून जाण्याचा वेळ वेगळा धरावा.

बहुतेक कंपन्यांचा सामानाचा काउंटर सुटण्याच्या एक तास आधी बंद होतो आणि दार सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी. तुमच्या तिकिटावर छापलेली वेळ हीच खरी, ती वाचा. “छोटा विमानतळ आहे, पाच मिनिटं आधी गेलं तरी चालतं” हे एसटीच्या सवयीचं बोलणं आहे. छोट्या विमानतळावर रांग लहान असते, नियम तेच असतात.

उन्हाळ्यात सामानाची मर्यादा काटेकोर पाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि त्याच धावपट्टीवरून विमानाला कमी वजन घेऊन उडावं लागू शकतं. अशा दिवशी जादा पोत्याबद्दल काउंटरवर हुज्जत घालण्यात वेळ जातो आणि पोतं घरीच राहतं.

## ८. पुढचं विमान असेल तर

दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यावर पुढची सोय करणं कंपनीच्या अंगावर येतं. वेगवेगळी तिकिटं काढली की ती जोखीम सगळी तुमची. दुसऱ्या कंपनीला तुम्ही जळगावहून येत आहात हे माहीतही नसतं.

वेगळी तिकिटं काढावीच लागली तर पुण्यात पहिलं विमान थांबण्याच्या आणि दुसरं सुटण्याच्या छापील वेळांमध्ये किमान तीन तास ठेवा. हिशोब साधा आहे. सामान मिळेपर्यंत २५ मिनिटं, बाहेर येऊन पुन्हा आत शिरायला २०, काउंटर एक तास आधी बंद. इथेच पावणेदोन तास संपले. उरलेला सव्वा तास उशिरासाठी. आप्पांकडे असे तीन तास असते तर अर्धा तास उशीर होऊनही ते त्याच रात्री लेकीच्या घरी जेवले असते.

आणि क्रम उलटा करू नका. जळगावचं तिकीट आधी, पुढचं नंतर. मोठ्या शहरातून दिवसभर विमानं असतात, जळगावहून त्या दिवशी कदाचित एकच असेल. जे कमी आहे ते आधी धरायचं.

थांबा: परदेशी जाणारं विमान असेल तर तीन तासही पुरत नाहीत. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा.

## ९. विमान रद्द झालं तर काय, हे आधीच लिहून ठेवा

रद्द झाल्याचा निरोप आला की लोक विमानतळावर उभं राहून विचार करू लागतात. तो विचार घरी करून कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा.

कंपनी रद्द करते तेव्हा पूर्ण पैसे परत किंवा दुसऱ्या विमानात जागा, यातलं एक निवडण्याचा हक्क तुमचा असतो. जळगावचं पुढचं विमान दोन दिवसांनी असेल तर पैसे परत घेणंच बरं. आणि ते लगेच मागा, घरी जाऊन नव्हे.

रेल्वे हा आपला मोठा आधार आहे. जळगाव मुख्य मार्गावर असल्यामुळे मुंबईच्या गाड्या दिवसरात्र असतात. पुण्यासाठी महाराष्ट्र एक्स्प्रेस आणि आझाद हिंद या गाड्या जळगावहून मनमाड, अहिल्यानगर, दौंड या वाटेने जातात. त्यांच्या वेळा आदल्या दिवशीच पाहून लिहा. विमानतळावरून स्थानकावर पोचायला चौफुलीची कोंडी धरून एक तास मोजा. त्यात बसणारी पहिली गाडी कोणती, तिचं नाव आणि नंबर कागदावर असू द्या. रात्रीची खाजगी बसही चालते, पण ती सुटण्याच्या जागा शहरात दोन-तीन ठिकाणी विखुरलेल्या आहेत. कुठून बसायचं ते तिकीट काढतानाच विचारून घ्या.

वयस्क माणूस एकटा जात असेल तर हा कागद त्यांच्या खिशात ठेवा, मोबाईलमध्ये नव्हे. मोठ्या अक्षरांत विमानतळाचं नाव, सुटण्याची वेळ, उतरण्याची वेळ, न्यायला येणाऱ्याचा नंबर आणि मागच्या बाजूला गाडीचं नाव. आप्पा पुढच्या खेपेला निघाले तेव्हा असा कागद त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात मी स्वतः घालून दिला.